चार इंचांचा फरक

कमलनगरात सुभद्राबाईनं शिवलेलं झंपर तीस वर्षांत कधी उसवायला परत आलं नव्हतं, आणि डॉक्टरचा शब्द पंचवीस वर्षांत तिच्या गळ्याखाली उतरला नव्हता. दोन्ही गोष्टी ती सारख्याच तोऱ्यात सांगायची. बसस्टँडच्या मागं तिचं एका दाराचं दुकान, गळ्यात टेप, मशीनच्या फळीवर मापाची वही. एखादी गिऱ्हाईक म्हणाली, "मावशी, मागच्याच मापानं शिवा," तर ही टेप काढून उभीच. "मागचं माप मागं गेलं. हात वर कर." माणसाच्या बोलण्यावर तिचा भरवसा नव्हता, टेपवर होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

पोळलं पण होतं तसंच. लेक प्रेरणा दोन वर्षांची असताना सुभद्राबाईच्या ओटीपोटात दुखायला लागलं. नवरा नरसिंग तिला जीपमध्ये घालून एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं, टीव्हीसारख्या डब्यावर काळं-पांढरं काहीतरी दाखवलं आणि म्हणाला, "गाठ आहे. शंभर टक्के कॅन्सर होणार. पिशवी आजच काढायची." नरसिंगनं कागदावर सही ठोकली. जिची पिशवी, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढं कळलं, गल्लीतल्या रुद्रम्माची पिशवीही तिथंच गेली, आणखी चौघींची गेली, आणि सगळ्यांना म्हणे शंभर टक्के कॅन्सर! आता बोला! दहा वर्षांनी एका सरकारी डॉक्टरीणबाईनं जुने कागद बघून सांगितलं, की गाठबीठ काही नव्हतीच. त्यानंतर महिनाभर सुभद्राबाई नरसिंगशी बोलली नाही. प्रेरणाच्या पाठीवर दुसरं लेकरू झालं नाही ते नाहीच, आणि दवाखान्याचा विषय निघाला की नरसिंग उठून जीप पुसायला जायचा.

तर अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीला जुळं राहिलं.

प्रेरणा बीदरच्या शाळेत गणित शिकवायची. तिचा नवरा बुद्धरत्न वीज खात्यात इंजिनियर, पोरगा शांत, सासूला मामी मामी करणारा. पाचवा महिना लागला तशी प्रेरणा माहेरी आली, कारण इकडं पाचव्या महिन्यात माहेरची माणसं लेकीला चोळी घालतात. कुबसा म्हणतात त्याला. रविवारी सकाळी बुद्धवंदना घ्यायची, चार बायका जेवायला बोलवायच्या, एवढाच बेत होता. पण प्रेरणा म्हणाली, "माय, चोळी घालून मी कुठं मिरवू? शाळेत घालता येईल असं काहीतरी शिव." म्हणून सुभद्राबाईनं हिरव्या खणाचा कुडता शिवायला घेतला. सोमवारी दुपारी लेकीला उभं करून खांदा मापला, छाती मापली, बेंबीवरून पोट मापलं. सदतीस इंच. सवयीनं दोनदा मापलं, वहीत तारखेसकट लिहिलं.

"माय, पोट लई ताठ वाटायलंय," प्रेरणा म्हणाली.

"दोघं हैत आत. ताठ न्हाई तर काय ढिलं वाटंल?" सुभद्राबाई हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते शेवटचं हसणं होतं.

मंगळवारी बीदरला तपासणी होती. आता सुभद्राबाईची एक खोड सांगायला पाहिजे. तिला कानडी उत्तम येत होती, अर्धी गिऱ्हाइकं कानडीच होती. पण दवाखान्यात पाय टाकला की ती कानडी विसरायची. कानडी येत नाही असं तोंड करून बसलं की डॉक्टर नर्सशी मोकळं बोलतो, आणि खरं काय ते तिथंच कळतं, असं तिचं म्हणणं.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर विभा पस्तिशीची होती. ती पडद्याकडं बघत राहिली ती बघतच राहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुभद्राबाईच्या मनात पाल चुकचुकली. तोच काळा-पांढरा डबा, तेच थंडगार चोपडणं.

शेवटी विभानं हात पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि मराठीत सांगायला लागली. "दोन्ही बाळांना रक्त पुरवणारी वार एकच आहे. वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या गेल्यात. त्यामुळं एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं जातंय. ज्याचं जातंय ते सुकत चाललंय, त्याच्या पिशवीत पाणीच उरलेलं नाही. आणि ज्याच्याकडं जातंय त्याच्याभोवती पाणी वाढत चाललंय, त्याच्या हृदयावर ताण येतोय."

"मग?" प्रेरणानं विचारलं.

"हैदराबादला माझे सर आहेत. पोटाला बारीक छिद्र पाडून आत दुर्बीण घालतात, आणि त्या जोडलेल्या वाहिन्या लेसरनं जाळून बंद करतात. मग दोघांचं रक्त वेगळं होतं."

"पोटात जाळणार?" सुभद्राबाई ताडकन बोलली. "लेकरं आत असताना?"

"बाळांना लागत नाही, आजी. फक्त वाहिन्या."

"केल्यावर दोघं बी वाचतील?"

"खात्री देता येत नाही. दोघं वाचू शकतात. एखाद्या वेळी एक वाचतं."

"आन न्हाई केलं तर?"

"बहुतेक दोघंही जातील. पण तेही मी ठाम सांगू शकत नाही. उशीर करू नका, एवढंच सांगते. उद्याच निघा."

घ्या! ह्याची खात्री नाही, त्याचं सांगता येत नाही, आणि निघा मात्र उद्याच! सुभद्राबाईचं डोकं भराभरा चाललं. त्या डॉक्टरनं पण आजच म्हटलं होतं. आणि हे सर कोण? हिचेच. हिनं पाठवायचं, त्यानं फाडायचं. एका लेकराचं रक्त दुसरं पितंय, हे तर रझाकारांच्या वेळच्या म्हाताऱ्यांनी पण कधी सांगितलं नव्हतं. मग तिच्या डोक्यात आणखी एक आलं. आत पोरी असतील आणि हे असलं काही निमित्त काढून एक कमी करत असतील तर? तिनं सरळ विचारलं, "डॉक्टरबाई, पोरं हैत का पोरी?"

विभाचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "ते सांगायला कायद्यानं बंदी आहे. बाहेर पाटी वाचली नाही का?" मग ती नर्सकडं वळून कानडीत हळूच म्हणाली, "इंथवरु होगल्ल, नोडु." म्हणजे, असली माणसं जात नसतात, बघ.

सुभद्राबाईला ते लख्ख ऐकू आलं. असली माणसं! असली म्हणजे कसली? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारी? खेड्यातनं जीपनं येणारी? तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि लेकीला घेऊन बाहेर आली.

रात्रीचं जेवण कुणाच्या घशाखाली गेलं नाही. बुद्धरत्नचा फोन आला, तो स्पीकरवर लावला. "मामी, मी गाडी सांगतो, उद्या सकाळीच जाऊ."

"पाव्हणं, ऐका माझं," सुभद्राबाई म्हणाली. "मी ह्यातनं गेल्याली बाई हाय. ह्याच बीदर जिल्ह्यात माझं पोट रिकामं केलंय असल्याच पडद्यानं. रविवारचा कुबसा होऊ द्या. सोमवारी उदगीरला दुसऱ्या मशीनवर बघू. तिथं बी हेच निघालं तर मी स्वतः तिला हैदराबादला नेते."

बुद्धरत्ननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "प्रेरणाला काय वाटायलंय?"

प्रेरणा भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर. तिनं मायकडं बघितलं, मग फोनकडं. "माय म्हणायलीय तर थांबू," ती म्हणाली.

नरसिंग उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होता. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या एका सहीनंतर ह्या घरात दवाखान्याच्या बाबतीत त्याला तोंड नव्हतं. तो उठला, फडकं घेतलं आणि जीप पुसायला गेला.

बुधवारी दुपारी प्रेरणा जरा लवंडली होती. तिचा फोन मशीनच्या फळीवर वाजला. सुभद्राबाईनं चश्मा वर करून बघितलं. विभा मॅडम.

तिनं फोन उचलला.

"प्रेरणा? निघालात का? मी सरांशी बोलून ठेवलंय."

सुभद्राबाईचा हात कापडावर होता. एवढी पाठ धरणारी डॉक्टर तिनं बघितली नव्हती. गरज आपली का हिची? कुठंतरी पाणी मुरत असल्याशिवाय कुणी असं मागं लागतं का? "मी तिची माय बोलायलीय," ती गोड आवाजात म्हणाली. "आम्ही हैदराबादलाच हाव बाई. पण जावयाच्या वळखीचा दुसरा दवाखाना हाय, तिथं दाखल केलंय. उद्या करायलेत."

"करणार आहेत ना? नक्की?"

"व्हय, व्हय. उद्याच."

"बरं झालं," विभा म्हणाली, आणि तिनं मोठा श्वास सोडलेला फोनमधून ऐकू आला. "मला वाटलं होतं तुम्ही जाणार नाही. नंतर कळवा मला."

फोन ठेवल्यावर सुभद्राबाईला बरं वाटलं. चोराला चकवल्यासारखं बरं वाटलं, खोटं कशाला बोला. लेक उठल्यावर तिनं काही सांगितलं नाही. पुन्हा फोन आला नाही.

गुरुवारी प्रेरणा जेवली नाही. शुक्रवारी तिला पाठीवर झोपता येईना, कुशीवर झोपता येईना, भिंतीला उशी लावून बसूनच होती. "दम लागायलाय माय," ती म्हणाली. रुद्रम्मा शेजारून आली, बघून म्हणाली, "जुळ्याला असंच असतं गं." सुभद्राबाईनं ते धरून ठेवलं. आपल्याला हवं ते बोलणाऱ्यावर मात्र तिचा संशय आला नाही बरं का.

शनिवारी सकाळी नऊला कुडता तयार झाला. हिरवा खण, बाहीला पिवळा काठ, आत दोन्हीकडं इंच इंच कापड जादा सोडलेलं, लागलं तर उसवायला. सुभद्राबाईनं लेकीला दुकानाच्या आतल्या खोलीत उभं केलं आणि कुडता डोक्यातून घातला.

खांदा बसला. छाती बसली. पोटावर येऊन कुडता अडकला.

"हात खाली कर. श्वास सोड."

श्वास सोडला, तरी कापड सरकेना. सुभद्राबाईनं ओढलं तर शिवण करकरली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं माप चुकलं होतं. तिला लेकीसमोर लाज वाटली आणि रागही आला. "मीच म्हातारी झाले जणू," असं पुटपुटत तिनं वही उघडली. सोमवार. पोट सदतीस. आकडा दोनदा गिरवलेला. तिनं गळ्यातला टेप काढून लेकीच्या बेंबीवरून फिरवला आणि चिमटीत धरला.

एकेचाळीस.

टेप ताणला गेला असंल. तिनं टेप लाकडी फूटपट्टीला लावून बघितला. बरोबर होता. मशीनच्या कप्प्यातला नवा टेप काढला. त्यानंही एकेचाळीस. संशय घ्यायला आता कुणी उरलं नव्हतं. पाच दिवसांत चार इंच! जेवण नाही, झोप नाही, आणि चार इंच! लेकरं अशी वाढत नसतात. हजार गरवारशा बायकांची मापं घेतली होती तिनं ह्या हातांनी, महिन्याला दीड-दोन इंच, फार तर अडीच.

"त्याच्याभोवती पाणी वाढत चाललंय." विभाचे शब्द तिच्या कानात जसेच्या तसे उभे राहिले. हातच्या काकणाला आरसा कशाला? पडदा खोटं बोलंल, डॉक्टर खोटं बोलंल. टेप कशाला खोटं बोलंल?

 तिनं अडकलेला कुडता लेकीच्या डोक्यातून काढून बाजूला टाकला.

"काय झालं माय?"

"अप्पाला हाक मार. जीप काढ म्हणावं."

नरसिंग धावत आला. सुभद्राबाईनं त्याला वही दाखवली, टेप दाखवला. त्यानं एकदा लेकीकडं बघितलं. "मंगळवारपासनं टाकी भरून ठेवलीय मी," तो म्हणाला. "तुला बोलायची हिंमत न्हाई झाली." पंचवीस वर्षांत दवाखान्याबद्दल एवढं तो पहिल्यांदाच बोलला होता.

जीप निघेपर्यंत सुभद्राबाईनं दुकानामागं जाऊन विभाला फोन लावला. ह्या वेळी ती कानडीत बोलली, अगदी शुद्ध कानडीत. हैदराबादला गेलो नव्हतो. दुसरा दवाखाना नव्हता. मी खोटं बोलले. पोट पाच दिवसांत चार इंच वाढलंय, आत्ता निघालोय, तुमच्या सरांना सांगा. आणि त्या दिवशी तुम्ही नर्सला काय म्हणालात तेही मला कळलं होतं.

 मग विभा कानडीतच म्हणाली, "अम्मा, निघा. वाटेत कुठं थांबू नका. मी सरांना आत्ताच सांगते."

भालकी गेली, बीदरला बुद्धरत्न रस्त्यावर उभाच होता, तो चढला. जहिराबादला चहासुद्धा कुणी मागितला नाही. दुपारी तीनला ते हैदराबादच्या दवाखान्यात पोचले. विभाचे सर साठीचे, चष्मा नाकावर घसरलेला, हिंदीत बोलणारे. त्यांनी स्वतः मशीन फिरवलं आणि म्हणाले, दोन्ही बाळं अजून आहेत, पण लहानग्याची ताकद फार थोडी उरलीय. उद्या सकाळी करू. वाचतील का, ह्यावर त्यांनीही मान हलवली, सांगता येत नाही अशी. सुभद्राबाईला ह्या खेपेला त्याचा राग आला नाही.

सहीचा कागद आला. नर्सनं तो सवयीनं नरसिंगपुढं धरला. नरसिंगनं हात मागं घेतला, पोळल्यासारखा. "तिला द्या," तो म्हणाला. "जिचं पोट, तिला."

सुभद्राबाईनं प्रेरणाला ओळ न ओळ मोठ्यानं वाचायला लावली. इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायला लावलं. दुर्बीण केवढी? तीन मिलिमीटर. म्हणजे किती? नर्सनं बोटांच्या चिमटीत दाखवलं. भूल पूर्ण का अर्धी? फक्त पोटापुरती. नर्स वैतागली, पण सुभद्राबाई हटली नाही. मग प्रेरणानं सही केली.

रविवारी सकाळी कमलनगरला दारात कुबसाच्या बायका येऊन कुलूप बघून गेल्या, आणि इकडं प्रेरणाच्या पोटात दिव्यासकट दुर्बीण उतरली. पाऊण तास लागला. नंतर प्रेरणानं सांगितलं, पडद्यावर तिला एक हात दिसला, काडीएवढी बोटं उघडणारा, मिटणारा. लेसरचा प्रकाश लागला की लाल रेघ पांढरी पडायची. वाढलेलं पाणी पण काढलं, बाटल्याच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी बघितलं. दोन हृदयं चालत होती. सुभद्राबाईनं तिथल्या तिथं फरशीवर बसून रडून घेतलं, अगदी मोठ्यानं, कुणाची भीड न ठेवता.

आठ दिवसांनी बीदरला विभानं तपासलं, तेव्हा एकच चालत होतं. लहानगं गेलं होतं.

पुढचे तीन महिने घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सुभद्राबाई रोज सकाळी लेकीचं पोट मापायची आणि वहीत लिहायची. माप हळूहळू, नीट वाढत होतं. चौतिसाव्या आठवड्यात प्रेरणा बीदरला बाळंत झाली. मुलगी, पावणेदोन किलो. तिच्या मागून दुसरी आली, तीही मुलगीच, वाळून तळहाताएवढी राहिलेली. त्या हिरव्या खणाचा तुकडा सुभद्राबाईनं तिच्याभोवती गुंडाळला. नरसिंग आणि बुद्धरत्ननं तिला मातीत ठेवलं. मोठी अठरा दिवस काचेच्या पेटीत होती, आणि तिचं पहिलं झबलं सुभद्राबाईनं प्रेरणाच्या जुन्या मऊ ओढणीचं शिवलं.

घरी सोडायच्या दिवशी विभा बाळाला बघायला आली. तिनं एक बोट पुढं केलं, पोरीनं ते घट्ट धरलं. सगळे हसले. मग प्रेरणा एकदम म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आम्ही पहिल्याच दिवशी गेलो असतो, तर दुसरी वाचली असती का?"

सुभद्राबाई दुपट्याची घडी घालत होती. तिचे हात तिथंच थांबले.

विभानं आधी तिच्याकडं बघितलं. क्षणभरच. मग प्रेरणाकडं वळून म्हणाली, "नाही. काही फरक पडला नसता. शंभर टक्के सांगते."

सुभद्राबाईला कळलं. ही बाई आजवर एक शब्द ठाम बोलली नव्हती. खात्री देता येत नाही, सांगू शकत नाही, बहुतेक, कदाचित, ह्यापलीकडं तिची जीभ कधी गेली नव्हती, आणि म्हणूनच तर सुभद्राबाईनं तिच्यावर संशय घेतला होता. शंभर टक्के म्हणणारा डॉक्टर तिनं आयुष्यात एकच बघितला होता. आज ही दुसरी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरच्या बोलण्यावर तिला मनापासून विश्वास ठेवावासा वाटला, आणि तो काही केल्या ठेवता येईना.

जीप बीदरच्या बाहेर पडली. बुद्धरत्न पुढं नरसिंगच्या शेजारी बसला होता. मागं मायलेकी आणि पोरगी. भालकीचा फाटा येईपर्यंत सुभद्राबाईनं कसंबसं दम धरला.

"बाय," ती म्हणाली. "त्या बुधवारी डॉक्टरीणबाईचा फोन आला व्हता. तू झोपली व्हतीस. मी उचलला. आपण हैदराबादला हाव म्हणून खोटं बोलले. न्हाईतर ती बाई पुन्हा पुन्हा फोन करत ऱ्हायली असती, आन आपण गेलो असतो."

प्रेरणा बाळाच्या टोपीची नाडी सारखी करत होती. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"फोनमधी दिसतं माय. कुणाचा आला, किती मिनिटं बोलणं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी बघितलं मी."

"मग इच्यारलं कामून न्हाईस मला?"

"मला बी जायचं नव्हतं." प्रेरणानं टोपीची नाडी सोडून दिली. "मला लई भ्या वाटायलं व्हतं. पोटात जाळणार म्हटल्यापासनं. तू न्हाई म्हणायलीस, तर मला बरंच वाटलं. सगळं तुझ्या नावावर गेलं, आन मी गप बसले. गणित शिकवते मी, मला काय दिवस मोजता येत नव्हते?"

पुढं नरसिंगनं गाडी हळू केली, पण मागं वळून बघितलं नाही.

"मग आज त्या बाईला कशाला इच्यारलीस?" सुभद्राबाई म्हणाली.

"ती न्हाई म्हणंल असं वाटलं. तुझ्या कानावर पडावं म्हणून."

"खोटं बोलली गं ती."

"व्हय," प्रेरणा म्हणाली. "मला बी कळलं."

मग दोघी रडल्या, एकमेकींकडं न बघता. पोरगी जागी झाली आणि भुकेनं ओरडायला लागली, जेमतेम दोन किलोचा जीव, पण आवाज साऱ्या जीपभर. प्रेरणानं तिला छातीशी घेतलं. खिडकीतून वारा येत होता, म्हणून सुभद्राबाईनं पदर सोडला आणि कमलनगर येईपर्यंत दोन्ही हातांनी आडोसा धरून बसली.